असईचा गोलंदाज

सेवानिवृत्त माणसाच्या छंदाकडे लोक थोड्या कौतुकाने आणि थोड्या दयेनेच पाहतात. माझा छंद तर पुष्कळांना पोरकट वाटतो. मी मातीचे चिमुकले शिपाई रंगवितो. युरोपातील हौशी मंडळी चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या सैनिकांचे, पोलादी टोप आणि चिलखत घातलेले, तळहातावर मावतील एवढे अर्धपुतळे मोठ्या निष्ठेने रंगवितात. त्यांची चित्रे पाहून मला वाटले, आपल्या जालना जिल्ह्याच्या मातीत शिपायांची काय वाण आहे? आणि मला असईचा गोलंदाज आठवला. आज गोलंदाज म्हटले, की क्रिकेटचे मैदान डोळ्यांपुढे येते. पण मूळचा गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा.

असई हे भोकरदनच्या बाजूचे एक लहानसे खेडे. तेथे केळना आणि जुई या नद्या जवळ येतात. त्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याची गाठ पडली. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसताच, येथे उतार असलाच पाहिजे, असे त्याने ताडले आणि फौज पलीकडे नेली. पुढे शिंद्यांच्या तोफा होत्या. त्या दिवशी इंग्रजांची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. शत्रू येऊन भिडला, तरी गोलंदाज जागचे हलले नाहीत. काहीजण मेल्याचे सोंग घेऊन तोफांपाशी पडून राहिले आणि शत्रूची रांग पुढे जाताच उठून त्यांनी त्याच तोफा मागून तिच्यावर फिरविल्या! लढाई अखेर इंग्रजांनी जिंकली. शंभराच्या आसपास तोफा त्यांच्या हाती पडल्या. १८१५ साली वॉटर्लू येथे नेपोलियनला हरविणारा सेनापती हाच. आपली सर्वोत्तम लढाई कोणती, असे पुढे कोणी विचारले, तेव्हा त्याने असईचे नाव घेतले.

अशा एका गोलंदाजाचा शाडूचा अर्धपुतळा मी केला व सावलीत वाळविला. त्याला रंग देताना घाई उपयोगाची नसते. आधी पांढऱ्या रंगाचे पातळ अस्तर द्यावे. ते वाळले, की त्यावर अंगवर्णाचा तपकिरी रंग चढवावा. मग खोलगट जागी गडद छटा आणि कपाळ, नाक, गालफडे अशा उंचवट्यांवर उजळ छटा द्यावी. डोळ्यांत निव्वळ पांढरा रंग भरला, तर माणूस दचकल्यासारखा दिसतो. म्हणून त्यात किंचित मातकटपणा मिसळावा आणि बुबुळावर सुईच्या टोकाएवढा प्रकाशाचा ठिपका ठेवावा. तो ठिपका पडला, की माती पाहू लागते.

पण खरे कष्ट हाताला नसतात, डोक्याला असतात. प्रत्येक रंग एकेक प्रश्न विचारतो. सप्टेंबर म्हणजे पावसाळ्याची अखेर. तेव्हा खांद्यावर आपल्या काळ्या रानाचा चिखल उडालेला असणार. तोफेची दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची. तिच्या धुराने चेहरा काळवंडलेला असणार. पागोट्याला मी विटक्या निळीची छटा दिली.

माझा नातू शेजारी बसून हे सारे पाहत होता. तो म्हणाला, ‘‘आजोबा, पागोट्याला सोनेरी जर लावा ना! वीर कधी असा मळका असतो का?’’

‘‘बाळ, जर सरदाराला शोभते. हा दुपारपासून तोफ ठासतो आहे.’’

तो क्षणभर गप्प राहिला. मग त्याने विचारले, ‘‘पण ती लढाई आपण हरलो ना? मग हरलेल्याचा पुतळा कशाला?’’

माझा कुंचला थांबला. जिंकलेल्या इंग्रज पलटणींना निशाणावर मिरविण्यासाठी असईचे नाव आणि हत्तीचे चिन्ह मिळाले. या गोलंदाजाला काय मिळाले? त्याचे नावसुद्धा इतिहासाने टिपून ठेविले नाही. तो मराठी मुलखातला असेल किंवा उत्तर हिंदुस्थानातून आलेला असेल. कारण शिंद्यांच्या कवायती फौजेत तिकडचे शिपाई पुष्कळ होते. आणि त्याच्यावर चालून येणाऱ्या इंग्रजांच्या फौजेतही मद्रासकडचे देशी शिपाई फार मोठ्या संख्येने होते. दोन्हीकडे आपलीच माणसे मरत होती, हे दुःख लढाई हरल्याच्या दुःखाहून लहान नाही.

मी नातवाला एवढेच म्हणालो, ‘‘लढाई फौज हरली. हा मात्र आपल्या तोफेपाशी उभा राहिला. काम सोडून जावे, असे वाटण्याजोगे सारे समोर असताना तो गेला नाही. जिंकलेल्यांची आठवण ठेवायला पुष्कळजण असतात. याची आठवण आपण ठेवायची.’’

तो काही बोलला नाही. त्याने सोनेरी रंगाची डबी बाजूला सारली, काळ्या रंगात थोडा तपकिरी मिसळला आणि गोलंदाजाच्या गालावर काजळीचा एक पट्टा अगदी हलक्या हाताने ओढला. मला तेथे पुन्हा कुंचला लावावा लागला नाही.

बैठकीवर नाव काय लिहायचे, हा प्रश्न उरला होता. आम्ही दोघांनी विचार करून गावाचे नाव आणि तारीख लिहिली. माणसाच्या नावाची जागा मोकळी ठेविली.