दुसरी बासरी

सिद्धेश्वराच्या जत्रेस मुरुडाहून लातुरास गेलेलें मूल रिकाम्या हातानें घरीं येत नाहीं. कोणी भिंगरी आणतो, कोणी फुगा. मी पांचवींत असतां अप्पांनीं मला बासरी घेऊन दिली. दीड वीत लांबीची, लाल-हिरव्या पट्ट्यांची, टोकास गोंडा असलेली. मला येत असलेलीं सारीं गाणीं मीं तिच्यावरच बसविलीं. चार वर्षें ती माझ्या उशाशीं होती. म्हणून तिला बाजूस ठेवून दुसरी घ्यावी हा विचार प्रथम मनांत आला, तेव्हां तो मला कृतघ्नपणाचा वाटला, हें कबूल केलें पाहिजे.

प्रसंग नाताळचा होता. मुलांच्या मेळ्यानें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें एक भजन म्हणावयाचें, पेटीवर आमचे गुरुजी आणि बासरीवर मी, असें ठरलें. पहिल्याच तालमीस पंचाईत झाली. माझा षड्ज पेटीच्या कोणत्याच पट्टीवर बसेना. तो दोन पट्ट्यांच्या मधोमध कोठें तरी लोंबकळत होता. फुंकर कमीजास्त करून मीं तो कसाबसा जुळविला, तों गांधार उतरला. मान वर करून गांधार उचलला, तों तार षड्ज भलतीकडेच गेला. गुरुजींनीं पेटीचा भाता सोडला व शांतपणें म्हणाले, "बाळ, तुझा श्वास गाण्यांत जात नाहीं; बासरीचा दोष झांकण्यांत जातो." त्या वर्षीं बासरी पिशवींत राहिली व मी मेळ्यांत उभा राहून नुसता गायिलों.

मागाहून गुरुजींनीं मला त्यांतील कारण समजाविलें. बासरीचा स्वर ठरतो तो आंतील हवेच्या लांबीनें. छिद्र मुखरंध्राच्या जितकें जवळ आणि जितकें मोठें, तितका स्वर चढा. परंतु प्रत्येक बांबूची पोकळी निराळी, जाडी निराळी. एकाच मापानें शंभर नळ्यांस भोकें पाडलीं, तर शंभरांचे स्वर सारखे येत नाहींत. खेळण्यांतल्या बासऱ्या अशाच मापानें होतात, व खेळण्यास तेवढें पुरतें. चांगला कारागीर तापलेल्या सळईनें छिद्र प्रथम लहान पाडतो, फुंकून ऐकतो, किंचित् वाढवितो, पुन्हां ऐकतो. माझ्या बासरीचें मुखरंध्राकडून दुसरें छिद्र, जें उघडल्यावर शुद्ध गांधार निघतो, तें थोडें लहान राहिलें होतें. एवढ्याशा उणिवेशीं मी चार वर्षें झगडत होतों आणि मला त्याचा पत्ताही नव्हता! तें छिद्र कोरून मोठें करतां आलें असतें. पण षड्जाचें काय करावयाचें?

अप्पांना हें सांगणें मला फार जड गेलें. ते म्हणाले, "वाजते कीं ही! चार वर्षें ऐकतोंच आहे." मग एके सायंकाळीं गुरुजींच्या घरीं त्यांनीं पेटीचा व बासरीचा स्वर एकत्र ऐकला. आपणांस गाण्यांतलें कांहीं कळत नाहीं असें ते स्वतःच म्हणतात, तरी क्षणभर थांबून म्हणाले, "जोडींतला एक बैल मागें ओढतो आहे. सोयाबीन विकलें म्हणजे दुसरी पाहूं."

पुढल्या दिवाळीच्या सुटींत मामा मला पुण्यास एका दुकानांत घेऊन गेले. तेथें आसामच्या बांबूच्या बासऱ्या मांडल्या होत्या. या बांबूचीं पेरें लांब व भिंत पातळ असते. उत्तर प्रदेशांतील पिलिभीतचे कारागीरही सिल्चरकडून हाच बांबू आणवितात. माझी दृष्टि सर्वांत लांब बासरीवर खिळली. पन्नालाल घोष (1911-1960) यांनीं 32 इंचांची बासरी घेऊन या लोकवाद्यास ख्यालाच्या मैफलींत बसविलें, हें मीं वाचलें होतें. लांबी वाढली कीं वादकही वाढतो, अशी माझी समजूत! प्रत्यक्षांत माझें बोट सहाव्या छिद्रापर्यंत पोंचेना. मामा हंसूं लागले, मी ओशाळलों.

दुसरी होती तिच्यावर मोर कोरलेला. तीच घ्यावी असें मनांत पक्कें होत होतें. पण खिशांत गुरुजींची चिठ्ठी होती. वरचीं तीन छिद्रें झांकून षड्ज लांबवर धर व तंबोऱ्याशीं ताडून पाहा. (तंबोरा मामांच्या मोबाइलमध्यें होता.) साऱ्या छिद्रांवर बोटें ठेवून मंद्र पंचम अगदीं हलक्या फुंकरीनें बोलतो कीं नाहीं तें ऐक. तींच बोटें तशींच ठेवून जोरानें फुंक. वरचा पंचम खालच्याशीं जुळला नाहीं, तर आंतलें बूच चुकीच्या जागीं असण्याचा संभव आहे. नळी उजेडांत धरून चीर शोध. मोराची बासरी मंद्र पंचमाशींच अडखळली. शेवटीं जिच्यावर काळा दोरा गुंडाळलेला होता व दुसरें कांहीं नव्हतें, अशी पांढरी पांचची साधी बासरी मीं घेतली. मोराकडे मात्र दारांतून पुन्हां एकदां पाहिलें.

घरीं येऊन वाजविली, तों गांधार चढा! नवी बासरीही खोटी निघाली, म्हणून मी रडकुंडीस आलों. गुरुजींनीं ती ओंठांस लावली. गांधार अगदीं नेमका आला. मग ते माझ्याकडे पाहत राहिले व म्हणाले, "पुन्हां वाजीव, आणि आरशांत पाहा." गांधार येतांच माझी मान आपोआप वर उचलली जात होती. जुन्या नळीची उणीव भरून काढण्याची संवय मानेंत मुरली होती, आणि निर्दोष नळीवर तीच दोष झाली होती. ती मोडावयास दोन महिने लागले. रोज पहाटे आरशासमोर तेवढा एकच स्वर. आई म्हणे, याहून जुनी बरी होती.

नाताळच्या सकाळीं कडाक्याची थंडी होती, आणि बासरी पेटीहून खालीं बोलूं लागली. माझ्या पोटांत गोळा उठला. परंतु हा दोष हवेचा होता: उष्णता एक अंश वाढली कीं हवेंतील ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें 0.6 मीटर वाढतो व बासरीचा स्वर चढतो. थंडींत तो उतरतो. गुरुजींनीं मला बोटें झांकून आंत कोमट श्वास सोडीत राहावयास सांगितलें. भजन सुरू झालें तेव्हां षड्ज पेटींत मिसळून गेला. अप्पा मागच्या रांगेंत उभे होते. परत येतांना ते बासरीविषयीं कांहीं बोलले नाहींत, थंडीविषयीं बोलले.

जुनी बासरी आतां धाकट्या बहिणीच्या हातीं आहे. गोंडा तिनें नवा बांधला आहे. परवां ती ओसरीवर बसून वाजवीत होती, आणि गांधारापाशीं येतांच तिची मान किंचित् वर गेली.