लाखेचा हात

मिरजेच्या वाड्यात आम्ही सात चुलत-आते भावंडं वाढलो. आता सगळे साठीच्या आसपासचे, सात गावांना पांगलेले. पण कुणाच्या घरी फर्निचरचं काम निघालं, स्पिरिटचा वास सुटला, की त्याचा फोन येतोच, "आज चाचांची आठवण झाली."

दिवाळी होऊन हवा कोरडी पडली की चाचा यायचे, सतारमेकर गल्लीतून. गल्लीतले शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे-सतारी घडवायला घेतल्या आणि पुढच्या पिढ्यांच्या हातातलं काम पालटलं. आम्हाला हे पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा चाचा म्हणजे पायजमा, खांद्यावर पिशवी आणि नखांत कायमचा बसलेला तपकिरी रंग. वर्षातून एकदा आजोबांच्या मर्दानी तंबोऱ्याला आणि आत्याच्या जनानी तंबोऱ्याला ते लाखेचा हात द्यायचे.

आदल्या संध्याकाळी चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, भिजत पडायचा. चाचा पुडीतून एकेक पापुद्रा काढून खिडकीच्या उजेडात धरायचे. मधासारखा निघाला तर तबलीसाठी, म्हणजे समोरच्या लाकडी फळीसाठी, तांबूस काळपट निघाला तर भोपळ्यासाठी. ही लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्याची राळ, हेही त्यांनीच सांगितलेलं. पाव किलो चपड्याला लिटरभर स्पिरिट, तेही काचेच्या बाटलीत, कारण लोखंडाच्या डब्यात लाख काळवंडते. निजेपर्यंत बाटली हलवत राहायचं काम आम्हा मुलांचं, आणि त्यावरून मारामाऱ्या. गेल्या वर्षीची उरलेली बाटली मात्र चाचा सरळ ओतून द्यायचे. जुनी लाख वाळत नाही, चिकट राहते.

सकाळी बाटलीचं बूच निघायच्या आधी आजीचा आवाज यायचा, "स्टोव्ह बाहेर!" स्पिरिट भडकेल म्हणून त्या दिवशी सगळा स्वयंपाक मागच्या अंगणात. वाऱ्यानं ज्योत फडफडायची, भात कच्चा राहायचा, आणि तो आम्हाला फार आवडायचा.

तारा उतरल्या, मणी आणि जवारीचे दोरे डबीत गेले, की चाचा ओसरीवर मांडी घालून बसायचे. आजोबांच्या जुन्या धोतराचं मऊ फडकं, आत कापसाचा बोळा. बोळा लाखेत बुडवायचा नाही. फडकं उघडून आतल्या कापसाला लाख पाजायची, मग आवळायचं आणि तळहातावर टिपून बघायचं. वर जवसाच्या तेलाचं एक बोट, बोळा सरकावा म्हणून. मग तबलीवर ४चा आकडा गिरवल्यासारखा हात फिरायला लागायचा. तो हवेत असतानाच फिरत असायचा आणि फिरत-फिरतच वर उचलला जायचा, कारण मध्ये कुठे थबकला तर बोळा चिकटतो आणि खालचा थर उचकटून हातात येतो. आम्ही श्वास धरून बघायचो.

तबलीला मोजकेच हात. एकदा आजोबा म्हणाले, जरा आणखी चमकू दे. चाचांनी बोळा खाली ठेवला. "मास्तर, जास्त दिलं तर दिसंल झ्याक, बोलंल कमी." आजोबा पुन्हा कधी तसं बोलले नाहीत.

एका वर्षी काकांनी आपलं व्हायोलिन पुढे केलं. चाचांनी ते उजेडात तिरपं धरलं, हुंगलं आणि परत दिलं. "हे तेलाचं रोगण. माझं स्पिरिट याला खाऊन टाकील." जवसाचं तेल आणि राळ कढवून केलेलं ते रोगण हवा पीत-पीत वाळतं, त्याला दिवस लागतात, आठवडे लागतात. आपल्या लाखेतलं स्पिरिट उडालं की झालं. दोघांचा स्वभाव निराळा, एकावर दुसरं चढवायचं नाही. पुढे वाचलं की २००९ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी स्ट्रॅडिव्हेरीच्या पाच वाद्यांवरचं रोगण तपासलं, तर त्यात मुख्यतः तेल आणि पाइनची राळच निघाली. काका तोवर गेले होते, चाचाही. दोघांना सांगायला हवं होतं असं फार वाटलं.

भोपळ्यावर पाण्याचा ओला पेला मी ठेवला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. पांढरं वर्तुळ उमटलं. आजीनं सातही जणांना बोल लावला. चाचा मात्र हसले, कोरड्या उन्हाचा दिवस बघून आले आणि जेमतेम ओला स्पिरिटचा बोळा दोनदा फिरवला. वर्तुळ गेलं. लाखेचं हेच मला सगळ्यात मोठं वाटतं. नवा हात जुन्याला विरघळवून त्याच्यात मिसळतो. आजोबांच्या तंबोऱ्यावर चाळीस वर्षांचे हात होते, पण वेगळा काढून दाखवावा असा थर एकही नव्हता. आजोबांच्या कपाटातल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यासुद्धा लाखेच्याच. खाँसाहेब १९३७ साली गेले, मिरजेच्याच मातीत आहेत. एका खोलीत तंबोराही लाखेचा आणि गाणंही लाखेवरचं, अशी ती खोली होती.

वाडा विकला, मोठा तंबोरा माझ्याकडे पुण्याला आला. मी तो एका फर्निचर पॉलिशवाल्याला दिला. ही माझी चूक. त्यानं यंत्रानं काचेसारखा जाड थर फवारला आणि तंबोरा बुजला. षड्ज लागायचा, पण मागचं गुंजन नाही. कितीतरी वर्षं मी त्याला गवसणीतच ठेवलं.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी भावंडांच्या ग्रुपवर आली. दादानं खाली लिहिलं, "आता तरी आजोबांचा तंबोरा सोडवू." दिवाळीनंतर तो आला, आणि आम्ही दोघं चार दिवस काचेच्या तुकड्याच्या धारेनं तो थर खरवडत बसलो, लाकूड दिसेपर्यंत. पाचव्या दिवशी सकाळी चपडा गाळला, माझ्या एका जुन्या धोतराचं फडकं फाडलं. अक्काला न्यू जर्सीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र होती. तिनं तबली बघितली, बाटली बघितली, आणि पहिला प्रश्न विचारला,

"गॅस बंद केलास का रे?"