आकार आणि अधिकार

एका संस्थेचा जुना लिनक्स सर्व्हर माझ्या हवाली झाला, तेव्हा त्याची डिस्क काठोकाठ भरलेली होती आणि ती कोणी व कशाने भरली हे सांगू शकेल असा इसम संस्थेत उरला नव्हता. अशा प्रसंगी फायलींच्या नावांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नसतो, कारण नाव ठेवणारा आपल्या सोयीने ठेवतो. परंतु फाइलचा आकार आणि तिच्यावरील अधिकार यांची नोंद खुद्द यंत्रणेच्या दप्तरी असते. म्हणून मी, अशा निकषांवर फायली शोधून देणाऱ्या, फाइंड या कमांडची कास धरली.

शंभर मेगाबाइटांहून मोठ्या फायली मागताच वर्षानुवर्षे वाढत गेलेले लॉग आणि विस्मृतीत गेलेले बॅकअप तत्काळ हजर झाले. त्यांची वासलात लावण्यात विशेष कौतुक नव्हते. कौतुक पुढेच होते. एक मेगाबाइटाहून लहान फायली पाहाव्यात म्हणून ‘उणे एक एम’ अशी अट घातली, तर केवळ रिकाम्या फायलींची यादी पुढे आली! याचे कारण असे की, फाइंडची ग्नू आवृत्ती प्रत्येक आकार पुढील पूर्ण एककापर्यंत चढवून मोजते. त्यामुळे एका बाइटाची फाइलही एक मेगाबाइटाची ठरते आणि एकाहून कमी असे शून्यच शिल्लक राहते. तीच मर्यादा १०४८५७६ बाइटांत मांडली, तेव्हा अपेक्षित यादी मिळाली.

अधिकारांच्या अटीत तेच उणे चिन्ह सर्वस्वी निराळा अर्थ धारण करते. तेथे ते ‘याहून कमी’ असे न सांगता ‘निदान इतके अधिकार तरी असावेत’ असे बजावते. वाचनाचे ४, लेखनाचे २ आणि चालविण्याचे १ या हिशेबाने मालक, गट आणि इतर यांचा एकेक अंक धरून नुसते ७७७ मागितले, तर सिम्बॉलिक लिंकांची, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे नुसते बोट दाखविणाऱ्या नोंदींची, झुंबड उडाली, कारण लिनक्सवर त्यांचे अधिकार सदैव तसेच दिसतात. केवळ साध्या फायलींपुरता शोध ठेवून ‘उणे ००२’ लिहिले, तेव्हा कुठे वाटेल त्याला लिहिण्याची मुभा असलेल्या, आणि ६६६ च्या आडोशाला दडलेल्या, फायली उघड झाल्या.

शेवटी ‘उणे ४०००’ या अटीने सेटयूआयडी प्रोग्राम शोधले. यूनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांची ही कल्पना, जिच्यावर १९७९ मध्ये अमेरिकेत पेटंटही मिळाले, मला मुखत्यारपत्रासारखी वाटते: प्रोग्राम कोणीही चालवो, तो चालतो मालकाच्या अधिकाराने. पासवर्ड बदलणाऱ्या प्रोग्रामाला हा अधिकार हवाच, कारण पासवर्डांची नोंद ठेवणाऱ्या शॅडो फाइलवर लिहिण्याची सत्ता रूट या सर्वाधिकारी खात्याची. परंतु यादीत कोण्या पूर्वसूरीने स्वहस्ते बसविलेला एक प्रोग्राम होता, ज्याचा मालक रूट होता आणि ज्याचे प्रयोजन कोणासही ठाऊक नव्हते. त्याचे मुखत्यारपत्र मी त्याच दिवशी रद्द केले. अद्याप कोणाची तक्रार आलेली नाही.