हार्मोनची गोळी आणि वारशाने आलेली सूज

ओठ किंवा डोळा सुजला की आपल्याकडे पहिलं निदान घरातच होतं : "पित्त उठलंय." मग आमसुलाचं पाणी चोळायचं, सेट्रिझिनची गोळी घ्यायची. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण खाज नाही, गांधी नाहीत आणि सूज दोन-तीन दिवस हलत नाही, असं कुणी सांगितलं की मी वेगळे प्रश्न विचारू लागतो.

बावीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). पूर्वी वर्षातून एखाद्या वेळी तिचा हात सुजायचा. पाळी नियमित व्हावी म्हणून चार महिन्यांपूर्वी हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी कधी चेहरा सुजायचा, कधी पोट दुखायचं. एकदा तर अपेंडिक्सचं ऑपरेशन ठरत आलं होतं. घरात आणखी कुणाला असं होतं का, विचारलं. आई जरा थांबून म्हणाली, "माझा भाऊ गेला, डॉक्टर. दाढ काढली होती, रात्री घसा सुजला. सगळे म्हणाले, इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन."

मुलीच्या रक्तात सी-४ आणि सी-१ इनहिबिटर, दोन्ही कमी निघाले. आजाराचं नाव हेरिडिटरी अँजिओएडेमा. हा आजार घराण्यातून येतो हे विल्यम ऑस्लर यांनी १८८८ मध्येच लिहून ठेवलं होतं. सी-१ इनहिबिटरची कमतरता हे कारण मात्र १९६३ मध्ये कळलं.

आपल्या रक्तात कॅलिक्रीन नावाचं एन्झाइम असतं. ते ब्रॅडिकायनिन तयार करतं आणि ब्रॅडिकायनिनमुळे बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून सूज येते. सी-१ इनहिबिटर या एन्झाइमला आवरून धरतो. या मुलीत आवरणाराच कमी. त्यात गोळीतलं इस्ट्रोजेन फॅक्टर १२ आणि कॅलिक्रीनचा कच्चा माल वाढवतं. दुधावर लक्ष ठेवायला कुणी नाही आणि खालचा गॅस मोठा केला, तसा प्रकार. ही सूज हिस्टामिनची नसल्यामुळे पित्ताच्या गोळ्या इथे निरुपयोगी ठरतात.

स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून इस्ट्रोजेनची गोळी बंद केली, फक्त प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असलेली दिली. दोन-तीन महिन्यांत सूज पुन्हा वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळेवर आली.

गंमत म्हणजे या आजारावरचं एक जुनं औषधही हार्मोनच आहे, पण उलट्या बाजूचं. डॅनाझॉल हे पुरुषी हार्मोनच्या जातीचं. ते यकृताकडून जास्त सी-१ इनहिबिटर बनवून घेतं. १९७६ पासून ते वापरात आहे आणि स्वस्त आहे. मुलीने लगेच विचारलं, "मिशा येतील का?" प्रश्न रास्त होता. वजन वाढतं, पाळी बिघडते, चेहऱ्यावर केस येऊ शकतात, यकृत तपासत राहावं लागतं आणि गरोदरपणात ते अजिबात चालत नाही. वर्षातून एकदा हात सुजतो म्हणून तरुण मुलीने ते रोज घ्यावं, असं मला वाटत नाही. तिलाही नको होतं. पुढच्या महिन्यात अक्कलदाढ काढायची आहे, तेवढ्यापुरतं पाच दिवस आधीपासून घेईल. शिवाय दाढ हॉस्पिटलमध्येच काढायची, अचानक लागणारं औषध हाताशी ठेवून. कारण डॅनाझॉलचा परिणाम व्हायला दिवस लागतात, घसा सुजू लागल्यावर ते कामाचं नाही.

उठता उठता मी आईला विचारलं, "ताई, तुम्ही कुठली औषधं घेता?" ब्लडप्रेशरसाठी रामिप्रिल. ही गोळी ज्या एन्झाइमला अडवते, तेच ब्रॅडिकायनिन मोडतं. ती त्याच दिवशी बदलली. त्यांचाही सी-१ इनहिबिटर कमीच निघाला, जन्मात मोठी सूज आली नसली तरी. आजार असलेल्या पालकाकडून प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. गेलेल्या भावाची दोन मुलं गावी आहेत. ताईंनी माझ्यासमोरच वहिनीला फोन लावला.