चार बार गप्प

वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत मी एक वाक्य फार मिरवलं : "आपल्याला कागद लागत नाही." पेटी मी भजनी मंडळात ऐकून ऐकून शिकलो. चाळिशीनंतर जुना आल्टो सॅक्सोफोन घेतला, तोही तसाच. रेकॉर्डिंग लावायचं, एक ओळ ऐकायची, थांबवायचं, सूर शोधायचा, पुन्हा लावायचं. 'कश्मीर की कली' (१९६४) या चित्रपटातला मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन मी असाच उतरवला. तीन महिने लागले. शेजाऱ्यांना ते किती वाटले असतील, देव जाणे.

समोर स्टँड लावून वाजवणाऱ्यांची मला मनातून कीव यायची. टायपिस्ट लेकाचे, असं मी चारचौघांत म्हणतही असे. वाद निघालाच तर माझ्याकडे दोन हुकमी पत्ते होते. एक, लग्नाच्या वरातीतले बँडवाले. कालचं गाणं आज वाजवतात, समोर कधी कागद पाहिलाय? दुसरा, कद्री गोपालनाथ. ज्या माणसाने या पाश्चात्त्य वाद्यावर कर्नाटक संगीतातली गमकं काढली, त्याच्या त्या गमकांना नोटेशनमध्ये बसवून दाखवा. समोरचा गप्प व्हायचा आणि मला वाटायचं, जिंकलो.

मग आमच्या हौशी मंडळींनी जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम ठरवला. पंधरा वादक. व्हायोलिनवर एक वयस्कर गोंयकार गृहस्थ, सगळे त्यांना अंकल म्हणत. वाद्यांचे भाग तेच लिहून आणत. पहिल्याच रिहर्सलला त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "सूर बरोबर रे तुझे. गप्प राहायचं, तेवढं चुकतं."

मला ते झोंबलं. आणि इथून पुढचं सांगताना अजून लाज वाटते. मला वाचता येत नाही हे मी सांगितलंच नाही. घरी रेकॉर्डिंगवरून सगळं पाठ करायचो आणि रिहर्सलला कागद समोर ठेवून वाचल्यासारखं करायचो. मधूनमधून पान उलटायचो. तीन आठवडे हे नाटक चाललं. चौथ्या आठवड्यात पहिलं गाणं संपल्यावर अंकल उठून माझ्या स्टँडपाशी आले आणि हळूच म्हणाले, "तुझे तीन शार्प कुठे गेले?"

गाणं पांढरी एकमधलं होतं. आल्टोवर लिहिलेला सी वाजवला की प्रत्यक्षात ऐकू येते काळी दोन. म्हणून पांढरी एकचा सा आल्टोच्या कागदावर ए होतो आणि ओळीच्या सुरुवातीला तीन शार्प येतात. माझ्यासमोरच्या कागदावर एकही नव्हता. कारण तो व्हायोलिनचा कागद होता. अख्खं गाणं मी परक्या कागदाकडे गंभीर चेहऱ्याने बघत वाजवलं होतं.

अंकलनी ते कुणाला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी चहा पिताना मात्र स्वतःचं सांगितलं. लहानपणी चर्चच्या शाळेत व्हायोलिन हातात मिळण्याआधी सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर नावानिशी गाऊन वाचणं, घोकून घेत. गोव्यातल्या या शाळांमधून वाचायला शिकलेली मंडळी पुढे मुंबईच्या स्टुडिओंत गेली. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा अरेंजर होते. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. ज्या गाण्यांवरून मी 'नुसत्या कानाने' शिकलो, त्यांतली कितीतरी आधी कुणीतरी कागदावर लिहिली होती. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं.

मग क्लास लावला. बाजूला दहा-बारा वर्षांची मुलं, माझ्यापेक्षा भराभर वाचणारी. पहिले दोन महिने मी पहिलीतल्या पोरासारखा एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होतो. सूर ओळखायला फार जड गेलं नाही. अडलो ते दुसऱ्याच ठिकाणी. चौथ्या रेषेला लटकलेली पट्टी म्हणजे पूर्ण बार, तालाचा एक अख्खा खंड, गप्प. तिसऱ्या रेषेवर बसलेली पट्टी म्हणजे दोन मात्रा गप्प. जाड आडवी रेघ आणि वर चारचा आकडा म्हणजे चार बार गप्प. न वाजवण्यासाठी एवढी चिन्हं! आमच्या भजनाच्या वहीत सूर होते, विराम एकही नव्हता. माझ्या कानातही नव्हता. रेकॉर्डिंग ऐकताना मी सॅक्सोफोनचा सूर संपला की पुढच्या सुराकडे उडी मारायचो. मधली जागा माझ्या लेखी रिकामी होती.

दुसरी गोष्ट श्वासाची. पेटीला भाता असतो, तिथे माझा दम कधी मोजला गेला नाही. सॅक्सोफोनवर मी दम संपला की श्वास घ्यायचो, मग ओळ मधेच तुटली तरी बेहत्तर. कागदावर सुरांवरून कमान काढलेली असते. कमानीतल्या पहिल्याच सुराला जीभ रीडला लावायची, बाकीचे एका फुंकेत सरकवायचे. मी प्रत्येक सुराला जीभ मारत होतो. इतकी वर्षं ऐकलेल्या ओळींत मला हे कधीच ऐकू आलं नव्हतं. कान तयार आहे असं मी समजत होतो. तो बोटांना जमेल तेवढंच ऐकत होता.

माझे दोन्ही पत्ते खोटे होते असं मात्र नाही. गमक कागदावर मावत नाही, हे मी आजही म्हणतो. जॅझमध्ये सारख्या लांबीचे लिहिलेले सूर एक लांब, एक आखूड असे झुलवत वाजवायचे असतात, आणि तो झोका ऐकूनच अंगात येतो. बँडवाल्यांपुढे मी आजही हात जोडतो. पण त्यांची नावं मी घेत होतो ती माझा आळस झाकायला. त्यांनी कानाला जेवढं राबवलं, तेवढं मी कधी राबवलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या गाण्याच्या दुसऱ्या म्युझिकमध्ये, म्हणजे कडव्याआधीच्या वाद्यांच्या तुकड्यात, माझ्या कागदावर जाड रेघ आणि वर चार होते. वर्षानुवर्षं मी तिथे वाजवत आलो होतो. या वेळी सॅक्सोफोन खाली घेतला आणि पायाने मोजू लागलो. दुसऱ्या बारात अंकलचं व्हायोलिन आलं. मी सोडलेल्या शेवटच्या सुरावरून त्याने ओळ उचलली आणि मला उत्तर दिलं. ते उत्तर त्या गाण्यात पहिल्यापासून होतं. मी ते झाकत वाजवत होतो.

नंतर भाच्याने व्हिडिओ पाहून विचारलं, "मामा, मधे विसरलास का रे?"

म्हटलं, "नाही. तिथे गप्प बसायचं लिहिलं होतं."