मागची गाडी

ब्रेव्हे म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी; तिच्यात क्रमांक लागत नाहीत. ३०० किलोमीटर २० तासांत संपवायचे, कंट्रोलवर, म्हणजे ठरलेल्या तपासणी-थांब्यावर, कार्डावर शिक्का घ्यायचा, पंक्चर आपलं आपण काढायचं. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचा नियम जगभर एकच: मदतीची गाडी भेटेल ती फक्त कंट्रोलवर. मग एका स्वारावर फिल्म करणाऱ्या कॅमेरेवाल्यांची गाडी त्याच्या मागून आली तर तुझं काय गेलं, असं मला अजून विचारतात.

कार्तिकीचे दिवस. पालीकडून परतताना अंधार पडलेला आणि साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरलेली. माझंच गाव, त्यामुळे सुक्या मासळीचा वास आला की सायकलवरून उतरायचं, हे पायांनाच ठाऊक. तो स्वारही उतरून चालत होता बिचारा. पण कॅमेरेवाल्यांना ते पटेना. एकानं सुकटवालीला पाटी मागे घ्यायला लावली, दुसऱ्यानं टेम्पो थोपवला, आणि मोकळ्या झालेल्या वाटेवरून त्याला पुन्हा सायकलवर बसवून आणलं. आम्ही बाकीचे गर्दीतच.

यात त्याचाही वेळ गेला, मान्य. पण पुढे बोरघाटात, शिंगरोबाच्या देवळाकडच्या चढावर, तीच गाडी त्याच्या मागे, दिवे पूर्ण लावून. त्याला खड्डा लांबूनच दिसायचा. मी दिव्याची बॅटरी पुरवून वापरत होतो. मागून ट्रक आलाच तर मध्ये गाडी आहे, ही निश्चिंती तर वेगळीच. पाणी त्यानं घेतलं नसेलही. पण हवं तेव्हा मिळेल हे माहीत असणं, ही मदत नाही?

नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ (रॅम) पूर्ण केली, तेव्हा मागे गाडी होती, चमू होता. तिथे नियमच तसा आहे, कोणाला खटकायचं कारण नाही. याउलट बाहेरची मदत न घेता पार करायच्या टूर डिव्हाइड शर्यतीत २०१९ साली सायकलपटू लेएल विल्कॉक्सचं चित्रीकरण झालं, तेही तिच्या जोडीदाराकडून, आणि भरपूर वाद पेटला. तेव्हा मी तिच्या बाजूनं तावातावानं भांडलो होतो. २०१६च्या ट्रान्स अॅम शर्यतीत सगळ्या पुरुषांना मागे टाकणाऱ्या बाईला कॅमेऱ्याचा काय आधार लागणार! आता तितकं ठाम बोलवत नाही.

चित्रीकरण करायचंच तर एखाद्या वळणावर उभं राहावं, येईल त्या प्रत्येकाला टिपावं, आणि कोणाच्याही मागे गाडी लावू नये.

त्या स्वारावरच्या फिल्ममध्ये गाडी नाही, सुकटवालीही नाही. निवेदक म्हणतो, माणूस एकटा, समोर रात्र आणि घाट. बाकी घाट मात्र झकास टिपलाय. सायकलनं बोरघाट चढतात तरी कसा, असं कोणी विचारलं की मी तीच फिल्म पाठवतो.