जमेची बाजू

माझ्या डायरीत 8 मे 2020 च्या पानावर तीन ओळी आहेत. ‘डोक्यावर छप्पर आहे. रात्री घरात झोपतो. सगळे सुखरूप आहेत.’ त्या दिवशी पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले होते. जालन्याहून पायी निघाले होते, मध्य प्रदेशातल्या आपापल्या गावी जायला. रुळांवर विखुरलेल्या पोळ्या दिवसभर टीव्हीवर दिसत होत्या आणि त्या बघून मला काय आठवलं, तर माझं छप्पर. ते पान अजून फाडलेलं नाही, पण उघडायला हात धजत नाही.

मी पुण्यात एका छापखान्यात हिशेब लिहितो. आमचं मुख्य काम लग्नपत्रिकांचं, त्यामुळे मार्च ते मे ही आमची सुगी. त्या वर्षी टाळेबंदीत ती हातची गेली. छापून तयार झालेल्या पत्रिकांचे गठ्ठे, त्यावरच्या मुहूर्तांसकट, तसेच पडून राहिले आणि आम्ही घरात कोंडले गेलो. अशात कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं : रोज रात्री तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहा, मन खंबीर राहतं, शास्त्रानं सिद्ध झालंय. छापखान्यातली एक उरलेली डायरी घरात होतीच. लागलो लिहायला.

पहिले पंधरा दिवस खरोखर बरं वाटलं, हे नाकारत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडायचो, ते थांबलं. गॅलरीतला कढीपत्ता, कोपऱ्यावरचा दूधवाला, आईचा दुखरा पण चालता गुडघा, असलं काहीबाही लिहायचो. 27 मार्चला रिझर्व्ह बँकेनं कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत दिली, तेव्हा तिचेही आभार मानले. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही, हे हिशेबनीस असून त्या रात्री लिहिलं नाही. डायरीत फक्त जमेची बाजू होती.

मग मला प्रचारक व्हायची हुक्की आली. रात्रीच्या जेवणाला प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या असा नियम काढला. मुलगा दहावीचा. त्याचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. त्यानं पुढचे चार दिवस तिन्ही गोष्टींत भूगोलच सांगितला. आई म्हणाली, “घरच्यांचे कसले आभार मानायचे? परके आहोत का? मनात जाण असली म्हणजे झालं.” मी हसलो. तिच्या पिढीला व्यक्त होता येत नाही, असं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

बायकोचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. माझे सासरे सांगलीला एकटे, जिल्ह्यांच्या हद्दी बंद. एका रात्री आमटी वाढतावाढता ती म्हणाली, “बाबांचा आवाज आज बरा वाटला नाही. काही झालं तर मला वेळेवर पोचता तरी येईल का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. नव्हतं तर गप्प बसायचं. मी म्हणालो, “आधी आजच्या तीन गोष्टी सांग.” तिनं पळी पातेल्यात ठेवली आणि स्वतःचं ताट उचलून ओट्याशी उभ्यानंच जेवली. पाठमोरी. मुलगा माझ्याकडे बघत होता. मी त्या रात्री डायरीत काय लिहिलं असेल? ‘समजूतदार बायको.’

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या ‘सिद्ध झालंय’मागचा अभ्यास पुढे कधीतरी शोधून वाचला. एमन्स आणि मॅककला यांचा, 2003 चा. त्यातल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट होते. एकानं चांगल्या गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं कटकटी, तिसऱ्यानं नुसत्या घडामोडी. आठवड्यातून एकदा, दहा आठवडे. पहिल्या गटाला जास्त बरं वाटलं हे खरंच. पण दुसऱ्या गटाच्या कटकटीही कागदावर उतरल्या होत्या. माझ्या घरात दुसऱ्या गटाला तोंड उघडायचीच परवानगी नव्हती.

आता मावशींचं. हे लिहायचं म्हणूनच खरं तर बसलोय, तरी इतका वेळ आढेवेढे घेतले.

मावशी 11 वर्षं आमच्याकडे भांडी-फरशी करत होत्या, महिना 1,800 रुपये. राहायला भवानी पेठेत. मार्चमध्ये सोसायटीनं कामवाल्यांना फाटक बंद केलं. मार्चचा पगार पूर्ण दिला. एप्रिलमध्ये बायको म्हणाली, पैसे पोचवायला हवेत. मी म्हटलं, बाहेर पडायचं कसं, आल्या की बघू. मेमध्येही हेच. सोसायटीत कोणीच देत नव्हतं, तेवढाच मला आधार.

जूनच्या शेवटी घरखर्चाची कीर्द पुरी करायला घेतली. नोंदी जुळवायला डायरी शेजारी ठेवली होती. 14 मेच्या पानावर, वळणदार अक्षरात : ‘मावशी. 11 वर्षांत त्यांचे उपकार कधी जाणवलेच नाहीत. आता रोज भांडी घासताना जाणवतात.’ कीर्दीत त्यांच्या नावापुढे एप्रिल कोरा, मे कोरा. आणि थोडं वर, एप्रिलच्या जमेत, माझा स्वतःचा पगार. छापखान्याला कुलूप असताना मालकानं 60 टक्के दिला होता. त्याबद्दलही डायरीत चार ओळी होत्या.

मी तिथेच वही मिटली. मग बायकोला विचारलं, मावशींचं काही कळलं का. ती म्हणाली, “त्यांनी शेकडा पाचनं पाच हजार उचललेत. दोन महिने झाले. मी फोन करते अधूनमधून.” ती फोन करत होती, हे मला माहीत नव्हतं. जेवताना सांगायच्या तीन गोष्टींत ते कधी आलं नव्हतं.

दोन पगारांचे 3,600 आणि व्याजाचे 500 असे 4,100 पाकिटात घातले नि गेलो. गल्ली अरुंद, दारासमोरच प्लास्टिकच्या पिंपात पाणी भरणं चाललं होतं. मावशींनी पदर तोंडाला लावून पाकीट घेतलं, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

“पाचशे जास्त आहेत.”

“व्याजाचे.”

वाटलं, त्या म्हणतील, राहू द्या दादा. म्हणाल्या नाहीत. पैसे पाकिटात घातले, पाकीट कमरेला खोचलं. दुसरीकडे काम धरलंय, एवढं सांगितलं. मी मान हलवली आणि उभाच राहिलो. कशासाठी, ते मला तेव्हाही कळत होतं. त्या दोन शब्द बोलतील आणि मी ते रात्री लिहीन.

पिंप भरून वाहायला लागलं होतं. त्यांनी नळी उचलून बादलीत टाकली आणि माझ्याकडे पाहिलं.

“अजून काही होतं का?”